दोन पट्ट्या चढलेला आवाज

३ मार्च, सोमवार

कंपनीवालीचा पुन्हा फोन. ‘खडीवरची गाणी’ला पन्नास वर्षं झाली म्हणे, आता जाड पुठ्ठ्याच्या पेटीत नवी आवृत्ती काढायची. आणि मी — रेकॉर्डिंग करणारा, अजून जिवंत असलेला! — चार पानं आठवणी लिहून द्यायच्या. “सर, थोडं भावुक लिहा ना.” शहात्तराव्या वर्षी सकाळी मोजे घालताना होतो तेवढा भावुक पुरे.

सोबत प्रस्तावनेचा मसुदा धाडलाय. लिहिणारे गृहस्थ संगीतावर लिहितात. ऐकतात की नाही, कळायला मार्ग नाही. ‘या आवाजात भुकेची घाई आहे, हातोड्यांत बंडाची लय आहे.’ अहो, त्या लयीत हातोडा मारला तर बाई दुपारच्या सुट्टीआधी आडवी होईल! खडी फोडणारी सावकाश मारते. तिला संध्याकाळपर्यंत पुरायचं असतं.

मी आठवणी लिहिणार नाही.

४ मार्च, मंगळवार

मूळ टेप घरी आली. नव्या आवृत्तीसाठी मीच स्वच्छ करून द्यायची. कंपनीत आता टेप कशाशी खातात हे माहीत असलेलं कुणी उरलेलं नाही.

वहिनीने डबा पाहिला. “काय आलं?” “काही नाही, जुनं काम.” ती आत गेली. त्या टेपवर तीच गातेय! दादा खाणीवर मुकादम होता, वहिनी तिथेच खडी फोडायची. ती ओळ घ्यायची, बाकीच्या बायका मागून म्हणायच्या. आता ऐंशीची आहे. दादा गेल्यापासून या घरात आम्ही दोघंच.

गेल्या महिन्यात एक दाढीवाला आला होता, गळ्यात कॅमेरा. “आजी, एक ओळ म्हणा ना!” ती म्हणाली, “गाणारी गेली रे, बाबा.” त्याने तेही वहीत उतरवून घेतलं. गाढव!

५ मार्च, बुधवार

आठवणी हव्यात ना? घ्या. इथे तरी खरं लिहितो.

खाणीवर वीज नव्हती. बॅटरीवरचं यंत्र नेलं होतं. प्रत्येक गाणं झालं की ते बायकांना वाजवून दाखवत होतो — शहाणपणा मिरवायला, दुसरं काय! दुपारपर्यंत बॅटऱ्या बसल्या. जादाच्या मुक्कामी विसरलेल्या. यंत्रावरचा बॅटरीचा काटा खाली येताना मी पाहिला. शेजारी कंपनीचे साहेब, आणि माझं पहिलंच स्वतंत्र काम. गप्प बसलो.

यंत्र हळू फिरत होतं, पण ऐकवतानाही तितकंच हळू फिरायचं, म्हणून तिथे कुणाला काही वावगं वाटलं नाही. स्टुडिओतल्या मोठ्या यंत्रावर टेप लावली आणि आवाज दोन पट्ट्या वर! हातोडे पळत सुटलेले. वहिनीचा तो भरदार आवाज पोरसवदा, टोकदार झालेला. मी तोंड उघडणार तेवढ्यात साहेब म्हणाले, “वा! काय धार आहे!”

झालं. ती धार पन्नास वर्षं विकली जातेय. भुकेची घाई म्हणे! बसलेल्या बॅटऱ्यांची घाई आहे ती.

६ मार्च, गुरुवार

काल पुरतं लिहिलं नाही.

रेकॉर्ड गाजल्यावर साहेबांनी शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये वहिनीचा कार्यक्रम ठेवला. ती तिच्या आवाजात गायली. म्हणजे खालच्या पट्टीत, सावकाश. लोक चुळबुळायला लागले. मागून एकजण ओरडला, “ही ती नाही! रेकॉर्ड लावा!” हशा पिकला. मी पुढच्याच रांगेत होतो.

परतताना गाडीत मी म्हणालो, “दमली असशील.” त्यानंतर ती कधी गायली नाही. स्वयंपाक करतानासुद्धा नाही. आपला आवाज गेला असंच तिने धरून चालावं आणि मी ते चालू द्यावं — बाकीच्यांना गाढव म्हणतो मी!

७ मार्च, शुक्रवार

सकाळी खोलीचं दार लावून टेप लावली. वेग कमी करत गेलो. वहिनी सापडली तिथे थांबलो. रडलो. लिहून टाकतो, रडलो. हाच खरा आवाज! हातोडे आपल्या चालीने पडताहेत आणि बाई दगडाशी गप्पा माराव्यात तशी गातेय.

तसंच कंपनीवालीला पाठवलं, बॅटऱ्यांची हकीकत लिहून.

८ मार्च, शनिवार

उत्तर आलं. “सर, खूपच छान आहे. पण ही ती नाही ना! लोक या गाण्यांवर वाढलेत. जुनाच वेग ठेवू. आणि बॅटऱ्यांचं आठवणींत नको, उगाच गैरसमज होतील.” खाली हात जोडलेलं चित्र.

प्रस्तावनावाल्यांनीही ऐकलं म्हणे. त्यांचं मत — ‘यात धग उतरते.’ तुमच्या डोंबलाची धग!

सोमवारपर्यंत होकार द्या म्हणतात. होकार दिला तर तीच खोटी बाई अजून पन्नास वर्षं गाणार.

९ मार्च, रविवार

नकार कळवला. खऱ्या वेगाशिवाय माझं नाव छापायचं नाही, टेपही परत देणार नाही. कंपनीने वकिलाची धमकी दिलीय. देऊ दे!

पण मोठा शूर आहे ना मी? मग बाजूच्या खोलीत जाऊन चार वाक्यं बोलवत नाहीत ती का? दिवसभर दोनदा गेलो. एकदा पाणी मागितलं, एकदा चष्मा शोधला.

१० मार्च, सोमवार

वहिनीला सांगितलं. बॅटऱ्या, काटा, साहेब, सगळं. ती वाटाणे सोलत होती. हात थांबला नाही.

“माहीत आहे,” म्हणाली. “रेकॉर्ड घरी लागली त्याच दिवशी कळलं. आपला गळा आपल्याला कळत नाही होय?”

“मग गाणं का सोडलंस?”

“हॉलमध्ये लोक हसले, त्यानंतरही मी एक गाणं म्हटलं. तुम्ही उठून खरं सांगाल म्हणून, भाऊजी. चांगलं लांबवून म्हटलं. तुम्ही उठला नाहीत.”