डबीवरचं नाव

तीर्थरूप बाबांना सुलक्षाचा नमस्कार, राग बाजूला ठेवून.

मी इथे पुण्यात खुशाल आहे. फोन तुम्ही मध्येच ठेवलात आणि रुद्रेश तर उचलतच नाही, म्हणून लिहावं लागतंय.

आईने सगळं सांगितलं. डिचोलीच्या खाणीवर जन्मभर ट्रक चालवलात, आता खोकून खोकून बेजार झालात, तरी पेडण्याच्या दवाखान्यात बेडका द्यायची तुम्हाला लाज. माझी कटकट बंद व्हावी म्हणून तुमच्या नावाच्या डबीत माझ्या भावाला, रुद्रेशला, थुंकायला लावलंत. तो तरणाताठा, निकाल चांगलाच येणार!

आणि आला क्षयाचा. त्यावर सगळे हसलात म्हणे, "सुलक्षाचं मशीन फटकिरें!" खोटारडं!

बाबा, इथल्या प्रयोगशाळेत मी दिवसभर तसलंच मशीन चालवते. प्रत्येक बेडक्याला कोरी नळी, कोरी चिप, एकदा वापरली की कचऱ्यात. जंतूचा कण जरी असला तरी मशीन तो वाढवून वाढवून दाखवतं. खोटं बोलत नाही. फक्त डबीवर नाव कुणाचं, ते त्याला कळत नाही. तो निकाल रुद्रेशचा आहे. त्याला हे घरात कुणाकडून मिळालं, ते मी लिहीत नाही.

पत्र मिळताच दोघेही जा आणि आपापल्या डबीत थुंका. औषध आहे, नेमाने घेतलं तर बरं होतं.

गावी पार्सेत काजू यंदा कसे आहेत? आईची कंबर? आणि रुद्रेशची चिमुकली सेजल अजून तुमच्या मांडीवर बसून तुमच्याच कपात पाव बुडवून खाते का?

तुमचीच,
सुलक्षा