लाल पेन्सिलीची सही

बाबा, इथे कॅनडात, मिल्टनमधल्या आमच्या बेसमेंटमध्ये सध्या सहा फुटी गुलाबी कुकर उभा आहे, कॅनव्हासवर रंगवलेला, आणि त्याला मिशा आहेत. तुमच्याच. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, म्हणून सांगायचं धाडस करतेय. मी इंजिनिअरिंग सोडलं. गाड्यांच्या ब्रेकचे भाग डिझाइन करायची चांगली नोकरी होती. कोणी काढलं नाही, भांडणही झालं नाही. एका सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडता खरवडता वाटलं, आता पुरे. का वाटलं, ते अजून मला धड कळलेलं नाही. आता कुकर, डबे, लाटणी असली चित्रं काढते. लोक बघून हसतात. उद्यापासून इथल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे. एक दिवस मी हवेत असते, दुसऱ्या दिवशी वाटतं, आपलं डोकं फिरलंय.

तुम्ही जन्मभर कारखान्यात ड्राफ्ट्समन. मला अजून दिसतं: मी कॉलेजात आहे, ओट्याशेजारच्या टेबलावर सबमिशनची शीट काढते आहे, आई पोळ्या लाटते आहे, आणि मी कंटाळून गिअरच्या दोन भोकांना पापण्या काढते. तुम्ही मागे येऊन उभे राहता. आवाज चढवणं तुमच्या स्वभावातच नव्हतं. ‘‘हा कागद बघून उद्या कोणीतरी लोखंड कापणार आहे. इथे गंमत नको,’’ एवढंच म्हणता आणि ब्लेडनं पापण्या खरवडून टाकता. मग शीटच्या उजव्या कोपऱ्यात, ‘चेक्ड बाय’च्या चौकटीत, लाल पेन्सिलीनं सही. त्या सहीशिवाय माझी एकही शीट घराबाहेर गेली नाही. मला तेव्हा तुमचा फार राग यायचा.

गंमत म्हणजे कुकर काढतानाही मी आधी मध्यरेषाच आखते, आणि शेवटी कोपऱ्यात ती चौकट. इथल्या लोकांना तो विनोद वाटतो. माझा हात आपोआप तिकडे जातो, एवढंच. परवा चित्र बघून तुमचे जावई म्हणाले, ‘‘छान आहे गं. पण इंजिनिअरचं लायसन्स तरी रिन्यू करून ठेव.’’ तुमची नात म्हणाली, ‘‘आई, इज दॅट आजोबा? ही लुक्स सो हॅपी!’’ तुम्ही तर एकाही फोटोत हसलेले नाही. मी तुमची थट्टा केली, की मला तुमची आठवण येत होती? थट्टाच असेल, तर त्या मिशांची मापं फोटोवरून घेण्यात मी तीन दिवस का घालवले? तुम्ही असतात तर हसला असतात की ब्लेड मागितलं असतंत, हे मला खरंच सांगता येत नाही, आणि त्याचा त्रास होतो.

हे पत्र कुठे पाठवणार, रंगांच्या ड्रॉवरमध्येच राहील. फक्त एक कबूल करते. चौकट रिकामी ठेवून चित्र घराबाहेर न्यायची हिंमत झाली नाही. आज सकाळी लाल पेन्सिलीनं तुमची सही मीच केली. हुबेहूब जमली, बाबा. जमणारच, कॉलेजातही दोनदा केली होती.