कोरल मूनमधला पाऊस बंद ठेवू नये

मी, कोरिन स्टुपाक, वय सत्तावीस, राहणार अ‍ॅक्रनच्या अलीकडे, राज्य ओहायो, हे माझ्या हातानं लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. छाती नाही, म्हणून तर लिहायला बसले. मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, आम्ही हे रोज करतो." ते करत असतील रोज, माझी पहिलीच वेळ आहे. मला कुणी धाक दाखवलेला नाही, काही पाजलेलं नाही. भीती वाटते, पण भीतीपोटी लिहिलेलं खोटं नसतं. शाळा मी दहावीला सोडली, लायब्ररीतल्या प्रुइटबाईंनी सांगितलं तसं लिहिते आहे. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. आपल्याकडे कुणाला द्यायला काही आहे, असं कधी वाटलंच नव्हतं.

आधी माझी मुलगी लॉटी, वय सहा. मी परत आले नाही तर तिनं माझी बहीण रेनी हिच्याकडे राहावं. तिचा बाप डेल यानं रविवारी भेटावं, वेळेवर यावं. रेनी, लॉटी प्रश्न फार विचारते. तू तिला "गप गं" म्हणतेस, ते म्हणायचं नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. मग ती स्वतः शोधते.

गाडी रेनीला. ब्रेक दोनदा दाबावा लागतो. बँकेत जे निघेल ते लॉटीच्या शिक्षणाला.

आता मुख्य.

कोरल मून म्हणजे दक्षिण समुद्रातल्या बेटासारखं सजवलेलं आमचं हॉटेल. जागा आणि इमारत आमचे मालक मिस्टर मोय यांच्या मुलीची, एव्हलिनची. ती सिअ‍ॅटलला असते. पण आतलं सगळं मिस्टर मोय यांनी मरताना माझ्या नावावर केलं. म्हणजे सहा लाकडी देव, फुगवून वाळवलेल्या काटेरी माशांचे दिवे, बांबूच्या भिंती, चटयांचं छत, धबधबा, दारातली होडी, आणि मागच्या खोलीतला पाऊस. मी तिथं सोळाव्या वर्षी भांडी घासायला लागले. पहिल्या दिवशी मागच्या खोलीत ढग गडगडले आणि पत्र्यावर पाऊस पडायला लागला, तेव्हा मी हातातली ताटं घेऊन अंगणात पळाले. बाहेर कडक ऊन. मिस्टर मोय हसून हसून खाली बसले. म्हणाले, "पोरी, आमच्याकडे तासातासाला पाऊस येतो. गिऱ्हाईक ओलं होत नाही, फक्त जास्त मागवतं."

तेव्हापासून मला त्या खोलीतल्या एकेका वस्तूचं कुतूहल आहे. होडी खरंच पाण्यात गेली होती का? छताचा तो मधासारखा रंग कुठून आला? (साठ वर्षांच्या सिगारेटींच्या धुरातून. तो पुसायचा नाही. एका नव्या पोरानं उत्साहानं एक कोपरा ब्लीचनं पुसला, तो कोपरा अजून टक्कल पडल्यासारखा दिसतो.)

हे सगळं मी लॉटीच्या नावावर करत नाही. कारण सांगते. लॉटी लहान आहे, तिच्या वाटचा कारभार बाप म्हणून डेल बघेल, आणि डेल एकेक देव वेगळा विकेल. असल्या वस्तू जमवणारा कॅलिफोर्नियाचा एक हौशी माणूस त्याला फोन करत असतो. मागच्या महिन्यात डेल स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून मला म्हणाला, "कोरी, लाकडाची तोंडं आहेत गं ती. एक तोंड विकलं तरी तुझं दवाखान्याचं बिल निघेल."

मी म्हणाले, "तुझं विकते आधी. गिऱ्हाईक बघ."

आमचा स्वयंपाकी फाले आत कांदा चिरत होता, तो इतका हसला की त्याला खोकला आला.

विनोद बाजूला. एव्हलिननं मला स्पष्ट सांगितलंय, आतलं जसंच्या तसं आहे तोवर ती हॉटेल चालू देईल. एक देव जरी गेला, तरी ती टायरवाल्याला जागा देणार. तिचं चुकत नाही. अर्धी खोली म्हणजे भंगार.

म्हणून आतलं सगळं, एकत्र, न तोडता, मी रेनी आणि फाले सेउमालो या दोघांच्या नावावर करते. लॉटी एकवीस वर्षांची झाली की त्यांनी ते तिला द्यावं. दोघांच्या सह्या असल्याशिवाय एक चमचासुद्धा बाहेर जाऊ नये. फाले दक्षिण समुद्रातल्या सामोआ बेटांवरचा. तरुणपणी इथं पेटत्या मशाली फिरवून नाचायला आला. आता गुडघे गेले, स्वयंपाक बघतो आणि पावसाचा पंप सांभाळतो. त्याला मी एकदा विचारलं होतं, "फाले, हे देव तुमच्याकडचे का रे?"

तो म्हणाला, "आमच्या गावात यांना कुणी घरात घेणार नाही. नाक बघ याचं! पण आता इथंच म्हातारे झाले ना, माझ्यासारखे? मग इथलेच."

रेनीला हे आवडणार नाही. ती म्हणते, "भुसा भरलेल्या माशांवरची धूळ झटकण्यात तुझं आयुष्य गेलं." रेनी, मासे पोकळ असतात, भुसा नसतो त्यांच्यात. आणि धूळ झटकायला तुझ्या पार्लरमधले मेकअपचे मऊ ब्रश लागतात. ते कुठं जायचे, हे तू दोन वर्षं विचारते आहेस. ब्रश तुला परत. मासे साफ करायचं कामही तुलाच. काट्यांना हात लावू नकोस, फुंकर मारून मग ब्रश.

आता पावसाचं. हे नीट वाचावं.

मिस्टर मोय गेले ते फेब्रुवारीत. बाहेर बर्फ. डेल तेव्हा इथंच कामाला होता आणि त्यांना खूप मानायचा, हे मी नाकारत नाही. त्यानं दाराला काळी फीत बांधली, संगीत बंद केलं, आणि शोक पाळायचा म्हणून पाऊसही बंद केला. नळ गोठू नयेत म्हणून हीटर मात्र पूर्ण चालू ठेवला. आम्हां सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. मालक गेला आणि पाऊस कसा पाडायचा? आठवडाभरानं दार उघडलं तर खोली भाकरीच्या तव्यासारखी कोरडी, आणि धबधब्याशेजारचा देव कपाळापासून पोटापर्यंत उभा फाटलेला.

तेव्हा कळलं, तो पाऊस गिऱ्हाइकांसाठी नव्हताच. म्हणजे होता, पण इथल्या हिवाळ्यात घरं तापवली की हवा लाकडातलं पाणी ओढून घेते. तासातासाच्या त्या पावसानंच त्यांना साठ वर्षं ओलसर ठेवलं होतं. मिस्टर मोय यांना माहीत असेल. त्यांनी सांगितलं नाही, किंवा त्यांना वाटलं आम्हाला कळतंच.

भेगेत मी टॉर्च मारला. आत काहीतरी चमकलं. लॉटी माझ्या काखेतून डोकावत होती. अ‍ॅल्युमिनियमचा छोटा पत्रा, खिळ्यानं ठोकलेला, वर फोन कंपनीचा नंबर. वरून लाकडाचं फळकुट बसवून कुणीतरी तो झाकला होता. आमचा दक्षिण समुद्राचा देव ओहायोच्या रस्त्यावरचा टेलिफोनचा खांब निघाला.

फाले टोपी काढून म्हणाला, "बघ, म्हणालो नव्हतो? इथलाच."

लॉटीनं विचारलं, "मग आई, याला फोन लावला तर लागतो?"

मला तेव्हापासून झोप नाही. कुणी कोरला? बाकीचे पाचही खांबच आहेत का? की एखादा खरंच बोटीतून आलाय? बघायचं फार मनात आहे, पण त्यासाठी कुणीही त्यांना चिरू नये, खरवडू नये, टकटकसुद्धा जोरात करू नये. कधीतरी आपोआप कळलं तर कळेल. भेग बुजवायची नाही, लॉटीला तिथून बघायला आवडतं.

डेल, पाऊस बंद केल्याबद्दल मी तुला माफ केलं. तू प्रेमानं केलंस. बाकीच्याबद्दल नाही. तुझी मासेमारीची पेटी माझ्याकडे आहे, ती घेऊन जा.

शेवटचं कलम, आणि हे मोडलं तर बाकी सगळं मोडलं असं समजावं. मी गेले तर लोक हॉटेल बंद ठेवू म्हणतील. ठेवा. चूल बंद ठेवा, दिवे बंद ठेवा, रेनी, तुला हवं तितकं रड. पण पाऊस चालूच राहिला पाहिजे. माझ्यासाठी एक तासही चुकवायचा नाही. पंपाचं बटण होडीच्या मागे, लॉटीचा हात पोचतो. त्या दिवशी बटण तिनं दाबावं आणि फालेनं तिच्याजवळ उभं राहावं. ती विचारेल, "आई गेली तरी पाऊस का?" तेव्हा तिला भेगेपाशी न्यावं आणि का ते सांगावं.

मी परत आले तर हा कागद फाडावा आणि बटण मी दाबेन.

हे सगळं मी स्वतः लिहिलं, साक्षीदारांसमोर वाचून दाखवलं आणि त्यांच्यासमोर सही केली. फाले आणि रेनी यांना यातलं मिळणार, म्हणून त्यांना साक्षीदार होता येत नाही. फाले दारात पाठ करून उभा आहे आणि सगळं ऐकतो आहे.

सही: कोरिन स्टुपाक

साक्षीदार एक: ओडेसा प्रुइट, लायब्ररी. (वाचताना दोनदा थांबायला लागलं, एकदा गडगडाटामुळे.)
साक्षीदार दोन: गस वोयनार, पोस्टमन

ठिकाण: कोरल मून, मागची खोली
तारीख: चौदा जानेवारी, शनिवार. बाहेर बर्फ, आत पाऊस.