बडीशेपेची डबी

विश्रांतवाडी, पुणे
१३ फेब्रुवारी २०२५

प्रिय कौशल्या,

सप्रेम जयभीम. मी ठीक आहे. तूही ठीक असशील, निदान फोनवर तसं सांगतेस. प्रियदर्शनी आणि अनिरुद्धरावांना आशीर्वाद. बाळाला माझ्या वतीने एक पापा घे, पण दाढी न टोचता.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. त्याला कारण तूच. फोन आला की तू स्पीकर लावतेस आणि पोळ्या लाटायला बसतेस. मग मी बोलतो ते लेक ऐकते, जावई ऐकतो, वरकामाची बाई ऐकते, आणि तू तेवढी ‘हं’ म्हणतेस. मला फक्त तुझ्याशी बोलायचं आहे. म्हणून हे पोस्टाने पाठवतो आहे. बाळ झोपल्यावर एकटी वाच.

इकडची खबरबात. खालच्या मजल्यावरच्या इंदुबाई रोज जिना चढून येतात आणि मी मीठ किती घालतो ते चाखून बघतात. ही नेमणूक तू केलीस हे मला माहीत आहे. कढीपत्ता जगला, तुळस तुझ्या आठवणीने वाळली. सकाळी चहा अजूनही दोघांचा करतो आणि दोन कपांत ओततो. तू तिकडे गेलीस तरी हाताला सवय सुटत नाही. दुसरा कप निवतो, मग तोही मीच पितो. म्हणजे बिनसाखरेचा का होईना, माझा चहा दुप्पट झाला, आणि त्याला जबाबदार नागपूर आहे.

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणालो तरी येववत नाही, म्हणून आधी विहारातलं सांगतो.

गेल्या महिन्याच्या पौर्णिमेला वंदना मीच घेतली. पंचशील म्हणताना पहिली तीन शीलं नीट झाली. चौथ्याला माझा आवाजच फुटेना. खोटं बोलणार नाही, एवढंच तर म्हणायचं असतं. आयुष्यभर म्हणतो आहे. त्या दिवशी तोंड उघडलं आणि डोळ्यांसमोर आली तुझी बडीशेपेची डबी. मागची मंडळी थांबली. मागच्या रांगेतल्या संभाजीरावांनी खोकून पुढे म्हणायला सुरुवात केली तेव्हा गाडी हलली. नंतर ते म्हणाले, “सुखदेवराव, घशाला आलं घ्या.” आल्याने बरं होणारं दुखणं नव्हतं ते.

कौशल्या, मी हॉस्पिटलात सगळं सांगून आलो.

झालं लिहून. आता हवं तेवढं रागाव. सांगितलं तर औषधाच्या अभ्यासातून आपली नावं कापतील, एवढी चांगली डॉक्टरबाई हातची जाईल, असं तू म्हणायचीस. ती भीती मलाही होती. म्हणून तर इतके दिवस गप्प बसलो. पण तिथे जे बोललो ते तुलाही जसंच्या तसं लिहितो, म्हणजे मी पदरचं काही घातलं का ते तुला तपासता येईल.

मी म्हणालो, डॉक्टरबाई, तुम्ही आम्हा दोघांना मधुमेहाच्या अभ्यासात घेतलंत. तुम्ही सांगितलं होतंत की या नव्या गोळीने मूत्रपिंड आणि हृदय सांभाळलं जातं का ते बघायचं आहे; निम्म्या लोकांना खरं औषध मिळेल, निम्म्यांना दिसायला तशीच पण आत काही नसलेली गोळी, आणि कुणाला काय मिळालं ते तुम्हालाही ठाऊक नसेल. आम्ही मान डोलावली, सही केली. पहिले काही महिने दोघंही आपापल्या बाटलीतली गोळी घेत होतो. मग आमच्या मंडळींनी दोन्ही बाटल्या बडीशेपेच्या स्टीलच्या डबीत ओतल्या आणि हलवल्या. रोज त्यातली एक त्यांना, एक मला. तुमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी उरलेल्या गोळ्या मोजून दोन्ही बाटल्यांत परत भरायच्या. मोजणीत त्या कधी चुकायच्या नाहीत, शाळेत गणित शिकवायच्या.

डॉक्टरबाई आधी हसल्या. नम्रताही हसली, ती गोळ्या मोजून घेणारी मुलगी. मग डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “काका, तुमच्या डबीवरून आम्ही उद्या हजारो लोकांना सांगितलं असतं, हे घ्या किंवा हे घेऊ नका.” आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

“पण काकूंनी असं का केलं?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तिचं म्हणणं, दोघांत एकाला तरी खरं औषध असेल, तर दोघांना अर्धं अर्धं मिळू दे.

हे मी त्यांना सांगितलं. तुला खरं सांगतो. मला कारण तेव्हाच कळलं होतं. तुझ्या पायांची सूज उतरली होती, तू चपला घालून आरशासमोर उभी राहिली होतीस. माझा लघवीचा रिपोर्ट मात्र बिघडून आला होता. दुसऱ्याच दिवशी डबीतली बडीशेप कागदात गेली आणि गोळ्या डबीत आल्या. तुला वाटलं, खरं औषध आपल्याला लागलं आणि ह्यांच्या नशिबी पीठ आलं. वाटणी करायला तू बसलीस की मोठा वाटा माझ्या ताटात येतो, हे काय मला आज कळतंय? पुरणपोळी असो, आंबा असो, नाहीतर पंख्याखालची जागा. मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. पण कुणी आपल्यासाठी एवढं करतंय, हे बघायला बरं वाटतं गं. म्हणून मीही मुकाट्याने गिळत राहिलो.

नावं कापली नाहीत. त्या गोळ्या तेवढ्या बंद केल्या. तपासण्या चालू राहतील आणि आपण दोघं त्यांचेच पेशंट राहू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. तेव्हा ती भीती मनातून काढून टाक.

आता दुसरी गोष्ट. बोलता बोलता नम्रता म्हणाली, “काकूंना व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवलाय, त्यांनी बघितलाय, निळ्या खुणा आल्यात. पण फोन उचलत नाहीत.” बोलून गेल्यावर तिने जीभ चावली, मग डॉक्टरबाईंनीच रिपोर्टात काय आहे ते सांगितलं. मी घरी आलो आणि तुझ्या जागेवर बसून राहिलो.

म्हणजे नागपूरला जाण्याआधी तू जे रक्त देऊन गेलीस, त्यात तुझी मूत्रपिंडं मंदावल्याचं आलं आहे आणि ते तुला माहीत आहे. बाळ कुशीवर वळायला लागलं, प्रियदर्शनी ऑफिसचं काम घरून करायला लागली, तरी ‘बाळंतिणीला अजून गरज आहे’ हे तुझं पालुपद सुरूच आहे. मला वाटायचं, नातवाचा लळा. वेडा मी.

तुझ्या मनात डायलिसिसच्या खुर्चीत बसलेले तुझे भाऊ, नागोरावदादा आहेत. तू त्यांना डायलिसिसला घेऊन जायचीस आणि परत आल्यावर दोन दिवस बोलायची नाहीस. एकदा म्हणाली होतीस, मला त्या खुर्चीत बसवू नका. मी पुन्हा जाऊन हे डॉक्टरबाईंना सांगितलं. हेही सांगितलं, कारण आता लपवायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “काकू आत्ता आल्या तर ती खुर्ची फार लांब ठेवता येईल. कदाचित कधीच लागणार नाही. पण घरात बसून राहिल्या तर ती आपणहून जवळ येईल.” हे त्यांचे शब्द आहेत. मी त्यात एकही घातलेला नाही.

तुझा उपचार ठरवायचा म्हणून त्यांनी वरच्या मंडळींना विचारून आपल्या दोघांचं गुपित उघडलं. कुणाच्या बाटलीत काय होतं, ते काल मला समोर बसवून सांगितलं.

कौशल्या, खरं औषध माझ्या बाटलीत होतं.

तुझ्या बाटलीत काहीच नव्हतं. तुझ्या पायांची सूज उतरली ती पापड-लोणचं सोडलंस आणि रोज चालायला लागलीस म्हणून, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. माझा तो एक रिपोर्ट वाईट आला होता, पण तेवढ्यावरून औषध खोटं ठरत नाही. तू मला द्यायला म्हणून डबी हलवलीस, आणि इतके महिने माझ्याच वाट्याचं अर्धं औषध तुझ्या पोटात जात राहिलं. डॉक्टरबाईंना वाटलं, मला वाईट वाटेल. त्या समजूत घालायला लागल्या की तुमचं अर्धं औषध वाया गेलं, पण तुमची तब्येत स्थिर आहे वगैरे. आणि मी त्यांच्यासमोर रडायला लागलो. नम्रताने पाणी आणलं. त्यांना कसं सांगू की मला किती आनंद झाला होता! लग्न झाल्यापासून तू देतेस आणि मी घेतो. एकदा तरी माझ्याकडचं तुझ्याकडे गेलं, आणि तेही तुला नको म्हणता आलं नाही.

गणिताच्या बाई, तुमची वाटणी यंदा चुकली.

पण अर्ध्यावर आता भागायचं नाही. त्याच जातीचं औषध बाजारात मिळतं, ते तुला सुरू करायचं म्हणाल्या, पूर्ण, तुझ्या एकटीचं. त्याआधी तपासायला तू समोर हवीस. पुढच्या सोमवारची, २४ तारखेची वेळ घेतली आहे. आदल्या रविवारी सकाळी पुणे स्टेशनवर मी उभा असेन. तू नाही उतरलीस तर त्याच संध्याकाळच्या गाडीने मी नागपूरला येईन, आणि स्पीकरवर न मावणारं सगळं तिथे जावयासमोर बोलेन. मला तू घाबरलेली चालशील, रागावलेली चालशील. लांब बसलेली चालणार नाहीस.

डॉक्टरांच्या खोलीत मी तुझ्या शेजारी बसेन. काय सांगतील ते दोघं मिळून ऐकू. ते मात्र अर्धं अर्धं वाटून घेता येईल, त्याला कुणाची मनाई नाही.

डबी घासून, उन्हात वाळवून तिच्यात पुन्हा बडीशेप भरून ठेवली आहे.

दुसरा कप निवू न देणारा,
तुझाच
सुखदेव