कंपौंडर मियाँच्या तीन दुकानांची वाटणी

मी, शेख जफर शेख दाऊद, वय एक्काहत्तर, धंदा औषधविक्री, राहणार पांढरकवडा, जिल्हा यवतमाळ, लिहून ठेवतो की माझी अक्कल अजून ठिकाणावर आहे. कोणाला शंका असल्यास माझ्या मुलांना विचारू नये. अक्कल या विषयात त्यांचा अभ्यास कमी आहे.

माझे वडील शेख दाऊद म्हणजे गावाचे कंपौंडर मियाँ. डॉक्टरांच्या हाताखाली मिक्श्चरच्या बाटल्या भरता भरता शिकले आणि १९६१ साली पांढरकवड्यात मेडिकल काढले. पुसदचे आणि झरीचे मी काढले. तीन दुकानांना माझे चिरंजीव 'चेन' म्हणतात. म्हणोत बिचारे.

वडिलांची एकच सक्त ताकीद होती. कपाशीवर फवारणी सुरू झाली की ओकारी, चक्कर म्हणत येणाऱ्याला गोळी देण्याआधी काउंटरबाहेर यायचे आणि त्याचा सदरा हुंगायचा. फवारणीच्या विषाचा वास आला तर गोळी नाही. कपडे उतरवायचे, साबणाने अंग धुवायचे आणि मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखान्यात धाडायचे. "गिऱ्हाईक गेलं तं गेलं, मानूस नाही गेला पायजे," असे ते म्हणत.

कलम १. शरीयतीप्रमाणे एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र करण्याचा मला अधिकार नाही. पत्नी हयात नाही, मुलगी नाही. म्हणून पुसद व पांढरकवड्याची दुकाने आणि घर मुजफ्फर व अरसलान या माझ्या दोन मुलांना निम्मे निम्मे जातील. त्यासाठी त्यांनी काही करायची गरज नव्हती, आणि त्यांनी केलेलेही नाही.

कलम २. मुजफ्फर पुसदच्या दुकानात इन्सुलिनच्या फ्रिजमध्ये थंड्याच्या बाटल्या ठेवतो. शुगरच्या पेशंटला दोन्ही वस्तू एकाच जागी मिळतात, एवढी सोय जिल्ह्यात कुठे नसावी. वडिलांचा चिनी मातीचा खल मुजफ्फरला द्यावा. अरसलानची हरकत असल्यास फोडून अर्धा अर्धा द्यावा.

कलम ३. झरीचे दुकान अरसलान पाहतो, म्हणजे मोबाईल पाहतो. तो बारावीत दोनदा आपटला, आणि मेडिकलच्या लायसनला फार्मसीचा डिप्लोमा लागतो. म्हणून सून शोधायला निघालो तेव्हा मी तमन्नाचा चेहरा नंतर पाहिला, आधी तिचे डी. फार्म.चे सर्टिफिकेट पाहिले. निकाह झाला, सर्टिफिकेट काचेत घालून दुकानात टांगले आणि सुनेला मागच्या घरात स्वयंपाकाला लावले. इन्स्पेक्टर येणार असे कळले की तिला पांढरा कोट चढवून अर्धा तास खुर्चीवर बसवत असू. अकरा वर्षांत ती सात वेळा बसली. हा कारभार माझा. अरसलानचा म्हणावा तर तेवढे डोके त्याला नाही.

त्याने स्वतःच्या डोक्याने एकच केले. काउंटरला काच लावून घेतली, हात जाईल एवढी खिडकी ठेवली. खिडकीतून सदरा हुंगता येत नाही. मागच्या ऑक्टोबरात धावजी राठोड फवारणी अर्धी सोडून आला, तर याने ओकारीच्या दोन गोळ्या सरकवल्या. तमन्ना डबा घेऊन आली तेव्हा धावजी पायरीवर बसला होता. तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या.

"याच्या कपड्याले वास येऊन राह्यला, तुम्हाले येत नाही काय?"

"लोकं पाहून राह्यले, तू अंदर जाय."

ती गेली नाही. सदरा फाडला, बादल्या ओतल्या, जीप अडवून त्याला दवाखान्यात पाठवले. धावजी वाचला. अरसलान माझ्याकडे तक्रार घेऊन आला, की भरबाजारात बायकोने परक्या माणसाचा सदरा फाडला, खानदानाची इज्जत गेली. आणि मी, कंपौंडर मियाँचा लायक वारस, सुनेला म्हणालो, "आठ दिवस दुकानाकडे फिरकू नको."

त्याच आठ दिवसांत झरीच्या रुपीबाईचा नवरा फवारणी करून आला, त्यालाही त्याच खिडकीतून गोळी मिळाली. तो घरी पोचला नाही. मला लाज वाटते. हे मी कोणाला बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

कलम ४. झरीचे दुकान मालासकट माझ्या मृत्यूनंतर तमन्नाला द्यावे. सून वारस नसते आणि दुकान तृतीयांशात बसते, त्यामुळे कोणाची संमती लागत नाही. वकिलांनी दोनदा तपासले आहे. काच काढावी. अरसलानला पार्सल उचलायला ठेवायचे की नाही, हे तिने ठरवावे.

एवढे लिहून कागद तमन्नाला वाचायला दिला. शाबासकीची अपेक्षा होती. तिने दोनदा वाचला.

"अब्बा, मंग तुम्ही मरेपर्यंत काउंटरवर कोन बसन? अवंदाची फवारणी तं सुरू झाली."

अकरा वर्षांत तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

सबब कलम ४ खोडले आहे. खोडाखोडीवर माझी सही आहे. झरीचे दुकान आज, मी जिवंत असताना, हिबा म्हणजे बक्षीस करून तमन्नाच्या ताब्यात दिले. चावी अरसलानच्या खिशातून मी स्वतः काढली. बाकीची कलमे मी मेल्यावर वाचावीत, त्यांची घाई नाही.

लिहून ठेवणार: शेख जफर शेख दाऊद (सही)

साक्षीदार:
१. मारोतराव गोविंदराव ठमके, शेती, पाटणबोरी (सही)
२. विजयमाला सदाशिवराव येरावार, निवृत्त परिचारिका, पांढरकवडा (सही)

ठिकाण: पांढरकवडा
दिनांक: ९ ऑगस्ट २०१८