घुगरोबाच्या वह्या

बाबा, तुमच्या वह्या मी वाटून टाकल्या. सगळ्या. ज्या हिरव्या लोखंडी कपाटाला तुम्ही जन्मभर कुलूप घातलं, ज्याची किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात सेफ्टी पिनेनं टाचून शाळेत जायचात, ते कपाट मी मागच्या वर्षी उघडलं आणि आतल्या अकराही वह्या पांढुर्ण्याला नेऊन लोकांच्या हवाली केल्या. आता त्या कोणीही वाचतं. आईच्या माहेरी, रामाकोन्यात ओट्यावर बसून मोबाइलवर वाचतात, उतरवून घेतात, उद्या कोणी छापल्या तरी आम्हाला विचारायला यावं लागणार नाही. तुम्हाला राग आला असेल. येऊ द्या. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, मी स्वतः आजी झाले, आता कसली भीती, असं मी मला सांगते. आणि तरी बघा, तुम्हाला लिहायला बसले की हातातून तुम्ही घोटून घेतलेली मराठीच उतरते आहे. घरात मी अशी बोलत नाही.

हे लोक कोण ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना रिकामटेकडे म्हणून मोकळे व्हाल. संत्र्याच्या पेट्या ठेवायच्या एका बंद गोदामात आम्ही दर रविवारी जमतो. पगार कोणालाच नाही. सौंसर-पांढुर्ण्याच्या बोलीतले शब्द गोळा करायचे, म्हाताऱ्या माणसांचे आवाज रेकॉर्ड करायचे, जुने कागद स्कॅन करायचे आणि सगळं इंटरनेटवर फुकट, खुलं ठेवायचं, एवढंच काम. सुरू केलं ते सावरगावच्या एका मॅडमनी. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात, माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. वर्षापूर्वी आम्ही चौघं होतो आणि चौघांत एक लॅपटॉप होता. आज पेट्या उपड्या घालूनही बसायला जागा पुरत नाही. बचत गटाच्या बाया येतात, पोस्टातून निवृत्त झालेले येतात, वावरातलं काम आटोपून शेतकरी येतात. शनिवारी काही जण जामसांवलीला मंदिराबाहेर चटई टाकतात. दर्शन करून म्हातारी माणसं सावलीला टेकली की त्यांना चहा पाजायचा आणि बोलतं करायचं. अशी ही संस्था वाढली, आणि ती वाढली तुमच्या वह्यांमुळे. पेपरात बातमी आली, 'गुरुजींचा खजिना' म्हणून. लोक खजिना बघायला आले आणि राहिले. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका संताप आला की त्या दिवशी मी पेपर चुलीत घातला.

कारण तो खजिना कुठून आला ते मी पाहिलेलं आहे. मी तिसरीत असेन. शाळा तपासायला आलेले साहेब आपल्याकडे जेवायला होते. आई वाढते आहे, डोक्यावरचा पदर सावरते आहे, आणि वरणाच्या वाटीवर हात धरून विचारते, "सांबार घालू का जी, उलसाक?" साहेब गोंधळले. तुम्ही हसलात. म्हणालात, "कोथिंबीर म्हणतात त्याला. हे काही रामाकोन्याचं वावर नाही." मग साहेबांकडे वळून, "काय करणार, बायकोला शिकवण्यापेक्षा पहिलीचा वर्ग बरा." साहेब हसले. मीही हसले. आईच्या हातातला सांबार तसाच ताटलीत परत गेला. साहेब गेल्यावर तुम्ही कपाट उघडलंत, वही काढलीत, टाक बुडवलात आणि नीट वळणदार अक्षरात लिहिलंत, 'सांबार : कोथिंबीर'. मी तुमच्या खांद्यामागून वाचलं. ज्या शब्दासाठी तिचा चारचौघांत पाणउतारा, तोच शब्द मागाहून कपाटात जपून ठेवायचा. याला काय म्हणतात हो, बाबा? तुमच्या शुद्ध मराठीत असेल ना काहीतरी.

त्या दिवसापासून आई तुमच्यापुढे बोलेनाशी झाली. वाढू का, हो, नाही, दार लावा. चार शब्दांत तिनं तुमचा संसार केला. तुम्हाला ते टोचलं असेल असं मला वाटत नाही. तुमच्या वह्या अडल्या, तेवढं टोचलं. बाकी गावात कोणाकडून शब्द मागणं तुम्हाला शोभत नव्हतं. गुरुजी ना तुम्ही! आणि वही कोणाला दाखवायची नाही, लोक चोरतील. एकदा मी मैत्रिणीला एक वही दाखवली तर तुम्ही माझी पाटी अंगणात फेकलीत, दोन तुकडे झाले. चोरतील म्हणे. चोर घरातच होता की.

आमच्या संस्थेचा एक नियम आहे. प्रत्येक शब्दापुढे दोन रकाने भरावे लागतात: शब्द कोणाकडून मिळाला, आणि दुसऱ्या घरातला कोण माणूस तो बोलतो. दुसरं घर सापडेपर्यंत शब्द कच्चा. तुमच्या अकरा वह्यांत माणसाचं एक नाव नाही. आईचं तर नाहीच. मग आमच्या लोकांनी पहिल्या रकान्यात लिहायला सुरुवात केली, 'गुरुजींच्या वहीतून', आणि मी चूप राहिले. दुसऱ्या रकान्यासाठी गावोगाव फिरले. सांबार, भेदरं म्हणजे टोमॅटो, गंज म्हणजे पातेलं, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, यांना हवे तेवढे साक्षीदार. पण शेवटच्या तीन वह्यांतले बरेच शब्द कोणी ओळखेना. 'घिरवळं', म्हणजे ओला लोटा उचलल्यावर जमिनीवर राहतो तो गोल डाग. 'घुगरोबा', म्हणजे जाणता, विद्वान माणूस. पुढे तुम्ही कंसात लिहिलंय, आदरार्थी. जामसांवलीच्या म्हाताऱ्या मान हलवत. "नाई जी, असं कोणी म्हणत नाई आमच्याकडं." मॅडम म्हणाल्या, मग कच्चे राहू द्या ताई, काय बिघडलं? बिघडत होतं. माझ्या डोक्यात पन्नास वर्षं बसलंय की गुरुजींच्या वहीत चूक नसते. मी काय केलं असेल? दुसऱ्या रकान्यात सगळीकडे स्वतःचं नाव घातलं आणि शब्द पक्के केले. ज्या माणसाचा इतका तिटकारा, त्याची लाज राखायला मी खोटी साक्ष दिली.

मग मॅडम रेकॉर्डर घेऊन सौंसरला आमच्या घरी आल्या. आई ऐंशीच्या पुढे गेली आहे, माझ्याकडेच असते, कानानं तल्लख आहे. ती आधी हात झटकत राहिली. "मले काई नाई येत बाई. ह्यांच्या वह्या हायत न, थ्या वाचा." मॅडमनी म्हटलं बरं, मीच वाचते, तुम्ही फक्त ऐका. वाचता वाचता 'घुगरोबा' आला. विद्वान माणूस, आदरार्थी. आई आधी थबकली. मग तिनं तोंडाला पदर लावला आणि इतकी हसली, इतकी हसली की तिला ठसका लागला, मी पाणी आणलं. मॅडम विचारून राहिल्या काय झालं आजी, तर नुसतं म्हणे, "काई नाई वो माय. आपलं असंच."

मॅडम गेल्यावर मी तिच्या पुढ्यात बसले. म्हटलं, सांग आता. ती म्हणाली, "थो शब्द कोणाचाच नाई. म्या बनवला."

"बनवला?"

"मंग? तुह्या बाबाच्या वहीसाठी. अशे लय बनवले. घुगरोबा म्हंजे थे सोता. थ्यायले वाटलं, लय मानाचं काई असन."

मी विचारलं, मग खरे शब्द? ती पाय चोळत बसली होती. "खरे माह्यापाशी ठेवले. काहून द्याचे? रामाकोन्याले माय होती तवरी तिच्याशी बोलली. ती गेली, मंग कोणाशी बोलाव?" हे ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली, जणू दूध संपल्याचं सांगते आहे. बाबा, तिची आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते. म्हणजे तेव्हापासून ही बाई तुमच्या घरात, मग माझ्या घरात, आपली भाषा तोंडात धरून बसली होती, आणि मी मोठी संस्थेची कार्यकर्ती गावोगावच्या म्हाताऱ्यांना चहा पाजत फिरत होते. तुम्हाला शिव्या द्यायला मी बसले खरी, पण तिथं माझं तोंड बंद झालं.

वर्षाचा अहवाल मला वाचायचा होता. तुमचा फोटो पहिल्या पानावर टाकायचा ठराव झाला होता, हार आणला होता. त्या रविवारी मी आईला रिक्षात घालून बसस्टँडवर नेलं आणि तिथून पांढुर्ण्याला. गोदामात तिला पेटीवर उशी ठेवून बसवलं. हे सांगितलं तर वर्षाच्या कामावर कोण विश्वास ठेवणार? आणि नाही सांगितलं तर आई मरेल आणि जग म्हणेल, वा, गुरुजी काय शब्द ठेवून गेले! मी अहवाल बाजूला ठेवला आणि सांगून टाकलं. वह्यांतले शब्द गुरुजींचे नाहीत, हिचे आहेत. शेवटच्या तीन वह्यांतले पुष्कळ शब्द हिनं मुद्दाम बनवून दिलेले आहेत. आणि त्यांच्यापुढे साक्षीदार म्हणून माझं जे नाव आहे ते खोटं आहे.

मॅडमचा चेहरा उतरला, तो मला अजून दिसतो. मग मागून रामाकोन्याचा एक शेतकरी म्हणाला, "म्हंजे आमच्या गावच्या पोरीनं गुरुजीले चांगलंच गुंडाळलं न जी!" आणि गोदाम जे हसलं! आई पदराआड हसत होती, पण ताठ बसली होती. तुमच्यापुढे तिला तसं बसलेलं मी कधी पाहिलं नाही. मॅडमनी तिथल्या तिथं माझी खोटी नावं काढायला घेतली. 'घिरवळं' आलं तेव्हा मी म्हटलं, हे मात्र माझ्याकडून उचलून माझी मुलगी नागपूरला तिच्या घरी रोज म्हणते, टेबलावर घिरवळं नको करू म्हणून नातवंडांवर ओरडते. मॅडम म्हणाल्या, "मंग झालं की ताई दुसरं घर. नियमात बसून राहिलं." पहिल्या रकान्यात आईचं नाव लागलं. हार तिच्याच गळ्यात पडला, ती म्हणाली, "काढा वो, मान खाजून राहिली." आता दर मंगळवारी मॅडम तिच्यापाशी येऊन बसतात आणि ती खरे शब्द एकेक करून सोडते आहे, मनात आलं तर. आणि गोदामात कोणी फार शहाणपणा करू लागला की सगळे त्याला घुगरोबा म्हणतात. तुम्ही ऐकायला हवं होतं.

हे पत्र मी कुठं पाठवणार नाही. पत्ता असता तरी नसतं पाठवलं. तुम्ही आधी लाल शाईनं शुद्धलेखन तपासलं असतं. पण एक राहिलं, अन् ते तुमच्या मराठीत सांगाले माही जीभ उचलत नाही. सभेत मला एकानं विचारलं होतं, आजी तर गुरुजीशी बोलतच नव्हत्या, मंग शब्द वहीत गेले कसे? मी म्हटलं, बाबा दाराआड उभे राहून चोरून ऐकत होते. सगळे 'अरेरे' म्हणाले. आई माह्याकडं पाहत होती. घरी येताना बसमध्ये एवढंच म्हणाली, "पेन्सिल तरी बरी देत होते का?"

लाल-निळी, दोन्हीकडून टोक केलेली. एका शब्दाले एक. आज आई काय म्हणाली, असं तुम्ही विचारत होता अन् मी सांगत होती. दाराआड तुम्ही कधीच नव्हता, बाबा. चुलीपाशी मी बसली राहत होती. दप्तरात चार पेन्सिली पडून होत्या तरी मी शब्द आणतच होती, कारण शब्द सांगितला का तुम्ही वहीतून डोकं वर काढून माह्याकडं पाहत होता.