सावली येईस्तोवर

पप्पा, उद्या शुक्रवार आहे आणि आम्ही तुमच्या त्या कड्याखाली जेवायला चाललो आहोत. आई, मी आणि माझा नवरा. त्याला तुम्ही पाहिलेलं नाही. तो हैफाचा, डोंगरावरच्या झाडीत वाढलेला, त्यामुळे वाळवंटात कुणी हौसेने डबे घेऊन जाऊन बसतं हे त्याला पटतच नाही. उद्या त्याचा वाढदिवस. मी म्हटलं, अरादला आईकडे जाऊ आणि तिथून पुढे माझ्या माहितीची एक जागा आहे. तो म्हणाला, तिथे आहे काय? मी म्हटलं, सावली आहे. तो हसला. अलीकडे आम्ही दोघं फार हसत नाही. कुणी काय आणायचं आणि कुणाला कुठून उचलायचं एवढंच बोलतो, म्हणून ते हसणंसुद्धा मला बरं वाटलं. मागच्या शुक्रवारी मी एकटीच जाऊन जागा बघून आले. तुमच्यासारखीच दुपारभर सावली मापायला दगड मांडत बसले. तुमचे दगड मिळतील असं वाटलं होतं. इतक्या हिवाळ्यांत कड्याखालच्या त्या कोरड्या ओढ्याला किती पूर येऊन गेले असतील हे काय मला कळत नाही? तरी शोधत राहिले.

तुमची ती पिकनिक मला जशी आठवते तशी आज लिहून काढते. त्या वर्षी पेसाहचा सण झाला की आई मुंबईला जाणार होती. तिकडची विमानं सोपी झाली होती, मामाने ठाण्याला नवा फ्लॅट घेतला होता आणि पत्रात लिहिलं होतं, एक खोली तुझीच समज. जायचं तिकीट निघालं होतं, यायची तारीख मोकळी ठेवली होती. ‘कुठे या दगडांच्या देशात आणून टाकलंत मला’ हे आईचं वाक्य मी चौथीतून शाळा सोडून इथे आले तेव्हापासून ऐकत होते, घरातल्या पंख्याच्या आवाजासारखं. पण त्या वर्षी ती तसं म्हणायची बंद झाली. एकेक साडी घडी घालून बॅगेत ठेवत होती. तुम्ही घाबरलात, पप्पा. मला दिसत होतं. परत येशील ना, एवढं विचारायचं होतं, पण तुमचा स्वभाव असा की कारखान्यातल्या मशीनशी तासन् तास बोलाल आणि बायकोशी बोलायची वेळ आली की पाणी प्यायला उठाल. म्हणून तुम्ही पिकनिक ठरवलीत.

बीरशेबाच्या दवाखान्यात मी लॅबमध्ये कामाला होते, तिथे तुमचा फोन आला. ‘ए, ऐक. आईला बोलू नको. शुक्रवारी आपण पिकनिक काढू या. गाडी तू चालव, रशियन शेजाऱ्याला मी विचारलंय, तो देतो म्हणाला.’ मी नेहमीसारखं हिब्रूत उत्तर दिलं, की आई सफाई सोडून यायची नाही. पेसाहच्या आधी पावाचा कण घरात राहू नये म्हणून ती कपाटं उलटी करते, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही मराठीतच म्हणालात, ‘येईल. सावलीतली जागा शोधलीय मी.’ मग कळलं की आदल्या शुक्रवारी तुम्ही बसने जाऊन, पुढे उन्हातून चालत जाऊन कोरड्या ओढ्यातला तो पश्चिमेचा कडा बघून आला होतात. दुपारभर एकटे बसून त्याची सावली कुठल्या वेळी कुठवर येते ते दगड ठेवून मापलं होतंत. दोन वाजता चटई पुरती सावलीत येते, जेवण दोनला, असा सगळा बेत. इतकं तर कुणी लग्नाचा मुहूर्त बघत नाही.

त्या शुक्रवारी भल्या पहाटे तुम्ही गुपचूप स्वयंपाकघरात शिरलात. आदल्या दिवशी बाजारातून आणलेला बुरी मासा, आईला आवडतो तसा हळद-मिरची आणि चिंच लावून, तव्यावर टाकलात. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि मासा तर झाकताही येत नाही. आई केस बांधत दारात येऊन उभी राहिली. ‘हे काय चाललंय? कोण येणार आहे?’ तुम्ही उलथणं हातात धरून म्हणालात, ‘आपण जाणार आहोत.’ तिने मासा उलटायला उलथणं तुमच्या हातातून काढून घेतलं, कारण तो करपत होता. मग सांदणं वाफवायला ठेवली. गवती चहा थर्मासमध्ये भरला. मी सावधपणे विचारलं, सफाईचं काय? म्हणाली, ‘कपाटं कुठे पळून जातायत?’

निघताना तिने खुंटीवरची फोल्डिंगची छत्री काढली. तुम्ही अडवलंत. ‘छत्री कशाला? सावली आहे ना तिथं. मी स्वतः बघून आलोय. माझ्यावर विश्वास नाही का?’ आई ‘बरं’ म्हणाली आणि छत्री घेऊन आत गेली. तेवढ्यात तुम्ही स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ तासभर पुढे केलंत, कारण आदल्या रात्रीच देशभर उन्हाळ्याची वेळ सुरू झाली होती. दरवर्षीप्रमाणे कुरकुरलातही. ‘घड्याळ पुढे ढकललं म्हणून सूर्य काय पळत येणार आहे? आपल्याकडे नव्हती असली थेरं.’ हे तुमचेच शब्द, पप्पा. आणि मग इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, तीच नवी वेळ मनगटावर बांधून, तुम्ही आम्हाला जुन्या वेळेच्या सावलीकडे घेऊन गेलात.

आम्ही पोचलो तेव्हा ओढा भट्टी झाला होता. पूर्वेकडून कोरडा गरम वारा सुटलेला. गाडीपासून बरंच चालायचं होतं. डबे मी घेतले, चटई तुम्ही, आणि आईने आपली कापडी पिशवी काही केल्या माझ्या हातात दिली नाही. दगडांची रांग दिसल्यावर तुमचा चेहरा असा फुलला, आणि मग उतरला. दगड लख्ख उन्हात होते. सावली कड्याच्या पायथ्याला चिकटून बसली होती, तिथे गोटे आणि बकऱ्यांच्या लेंड्या. तुम्ही घड्याळ बघता, कडा बघता, पुन्हा घड्याळ. मला एकदम उमजतं आणि मी हसू दाबत सांगते, तास पुढे गेला ना आज! तुम्ही कपाळाला हात लावता. ‘चला घरी,’ असं आई म्हणेल म्हणून मी तिच्याकडे बघते. ती चटई तुमच्या हातातून घेते, तुमच्याच दगडांपाशी अंथरते आणि पिशवी मांडीवर घेऊन बसते. मी माझी टोपी पुढे करते. ‘मी काय शिपाई आहे?’ ती म्हणते. मग तुम्ही तिच्या पलीकडे जाऊन उभे राहता, सूर्य आणि ती यांच्या मधोमध. तुमची सावली आखूड, तिच्या डोक्यावर आणि खांद्यांवर जेमतेम पुरते. सूर्य सरकतो तसे तुम्हीही थोडे थोडे सरकता.

‘बसा आता. किती वेळ उभे राहणार?’

‘सावली येईस्तोवर.’

तुम्ही खरोखरच उभे राहिलात. घाम मानेवरून शर्टात उतरत होता आणि पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. आई तुमच्या सावलीत बसून मामाच्या फ्लॅटबद्दल बोलायला लागली, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. गॅलरी कशी आहे, बाजार किती जवळ आहे, खिडकीतून नारळाची झाडं कशी दिसतात. मला वाटलं, आता हे बिचारे उभे आहेत आणि ही त्यांना ठाणं सांगतेय. तुम्ही बराच वेळ ऐकून घेतलंत आणि मग म्हणालात, ‘नारळाच्या झाडाची सावली ती कितीशी पडते?’ आई मान वर करून म्हणाली, ‘तुमच्यापेक्षा जास्त.’ आणि हसली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तुम्हीही हसलात, पण हलला नाहीत, कारण हललात तर तिच्या डोळ्यांवर ऊन आलं असतं.

मग कड्याची सावली आली. पहिला दगड झाकला, दुसरा झाकला, चटईच्या कडेवर चढली. आईने सरकून जागा केली आणि म्हणाली, ‘या.’ आपण थंड झालेला मासा आणि सांदणं खाल्ली, गवती चहा प्यालो. तुम्ही जेवता जेवताच पाठ टेकलीत आणि घोरायला लागलात, आणि आई तुमच्या तोंडावरच्या माश्या वारत बसली. उठताना तिने चटई झटकली आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, ‘पुढच्या वेळी छत्री आणायला पाहिजे.’ गाडीपाशी तुम्ही माझं कोपर धरलंत. कानाशी येऊन कुजबुजलात, ‘ऐकलंस? पुढच्या वेळी म्हणाली.’ तुमचा तो चेहरा मी कुणालाच नीट सांगू शकलेले नाही. नाक उन्हाने सोलवटलेलं, आणि परीक्षेत पास झालेल्या पोरासारखे डोळे.

ती परत आली. रोश हशानाच्या, आपल्या नव्या वर्षाच्या सणाच्या आधी, आमसुलांची पिशवी आणि मामाची नाराजी घेऊन आली. तुम्ही विमानतळावर त्याच पांढऱ्या शर्टात उभे होतात. ती का परत आली हे तुम्ही तिला विचारलं नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. पुढच्या वसंतात पुन्हा त्या कड्याला जायचं ठरलं होतं, तुम्ही म्हणत होतात की या वेळी घड्याळ घरीच ठेवू. हिवाळ्यातच एका सकाळी कामावर जायला बूट घालता घालता तुमची छाती दुखली. मी बीरशेबाच्या त्याच दवाखान्यात, तुम्हाला आणलं त्याच इमारतीत काम करत होते आणि तरी उशिरा पोचले. पुढची वेळ आली नाही. मला तुमची आठवण येते, पप्पा. कधी येईल ते सांगता येत नाही. बसस्टॉपवर उन्हात उभी असले की येते, मग बस आली तरी जात नाही.

आज दुपारी मी आईकडे आले. ती आता हळू चालते, पण बुरी मासा माझ्या हाती देत नाही. मी उद्याची पिशवी भरत होते. डबे, थर्मास, ताटल्या. ती ओट्यापाशी बसल्या बसल्या म्हणाली, ‘छत्री खाली घाल, तळाला. वर डबे ठेव. त्या दिवशी ठेवली होती तशी.’

मी म्हटलं, ‘कुठल्या दिवशी?’

‘अगं, ते उन्हात उभे राहिले होते तेव्हा. होती की पिशवीत.’

मी हातातला डबा खाली ठेवला. म्हटलं, ‘आई! मग काढली का नाहीस? तासभर उभे होते ते!’

ती चिंच कोळत होती. मान वर न करता म्हणाली, ‘उभे होते म्हणून तर नाही काढली.’ आणि चिंचेचा चोथा पिळत, ‘इतक्या वर्षांत कधी असे येऊन उभे राहिले होते? आणि तेव्हा मी छत्री काढून बसू?’

म्हणजे पप्पा, छत्री होतीच. ‘पुढच्या वेळी छत्री आणायला पाहिजे’ म्हणाली तेव्हा छत्री तिच्या पिशवीतच होती. छत्रीचं ते सगळं निमित्त होतं. तुम्ही माझं कोपर धरून जे सांगितलंत ते बरोबर ऐकलं होतंत. तेवढ्यासाठीच ती बोलली होती. तुम्हाला नुसता अंदाज होता, मला आज पक्कं कळलं. हे कळायला तुम्ही हवे होतात, नुसते ओट्याशी उभे राहून ऐकायला तरी.

आईने लगेच बजावलं, ‘कुणाला सांगू नकोस हं. लोक काय म्हणतील, नवऱ्याला उन्हात शिजवला.’ मी शब्द दिला आणि तासाभरात तो मोडून इथे बसून तुम्हाला लिहिते आहे. हा कागद कुठे जायचा नाही, त्यामुळे शब्द पुरता मोडला असंही म्हणता येणार नाही. ती आत माशाला मसाला लावते आहे. तिने हाक मारली की मी हा घडी घालून छत्रीच्या घडीत सरकवणार आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. घड्याळ याही वर्षी आज रात्रीच पुढे जाणार आहे. मी मूर्ख नाही, मागच्या शुक्रवारी दगड मांडले तेव्हा तास धरूनच मांडले. उद्या नव्या वेळेने तीनला सावली बरोबर चटईवर येईल. पण मघाशी मी नवऱ्याला फोन केला आणि सांगितलं की जेवण दोनला आहे. टोपी घाल, असंही सांगितलं नाही. हे आईलाही ठाऊक नाही.